इतिवृत्तातली दोन पानं

१

छापखान्याच्या इतिवृत्ताच्या वहीत एकशे बारावं पृष्ठ संपलं आणि एकदम एकशे सतरावं आलं. मधली दोन पानं कोणीतरी कापून नेली होती.

कलमकाकांनी पान मागे घेतलं, पुन्हा पुढे केलं. असं केल्याने गेलेली पानं परत येत नाहीत हे त्यांनाही कळत होतं, पण ज्याचा जन्म दप्तरात गेला तो आधी बोटांनी खात्री करतो आणि मग डोक्याला कळवतो. निबंधक कार्यालयात, म्हणजे सगळ्या सहकारी संस्थांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत, ते एकतीस वर्षं होते. त्यातली शेवटची बारा वर्षं माहिती अधिकारी. लोक अर्ज करून माहिती मागायचे आणि हे कुठलंतरी कलम दाखवून नाही म्हणायचे, म्हणून नाव पडलं कलमकाका. खरं नाव आता पेन्शनच्या पुस्तकापुरतं उरलं होतं.

"नाहीये ना?" शेजारी बसलेल्या चष्मेवालीने विचारलं. वय सदतीस, चौकातल्या चष्म्याच्या दुकानाची मालकीण. दिवसभर दुसऱ्यांना 'आता खालची ओळ वाचा' म्हणणारी ही बाई आज स्वतः वहीकडे बघायला तयार नव्हती.

"अनुक्रमणिकेत आहे. 'चौकशी समितीची बैठक, पृष्ठ एकशे तेरा.' वहीत नाहीये."

काचेच्या पार्टिशनपलीकडे छपाईचं यंत्र धडधडत होतं आणि त्या धडधडीने टेबलावरची टाचणीची डबी जागची हळूहळू सरकत होती. दारात अध्यक्ष उभे होते. आवाज मोठा, कारण ऐकू कमी.

"झालं बघून? वही दाखवा म्हणून पत्र आलं, वही दाखवली. पानाचं आम्हाला विचारू नका. हा छापखाना कामगारांची सहकारी संस्था आहे, सरकारी खातं नाही."

कलमकाका शिवणीपाशी वाकले होते. पानं फाडली नव्हती. सरळ रेषेत कापली होती, आणि शिवणीलगत अर्ध्या बोटाएवढी पट्टी जागेवर ठेवली होती. वहीच्या बाकीच्या सगळ्या कडा चहाच्या डागासारख्या तपकिरी झालेल्या. या पट्टीची कड मात्र पांढरीस्वच्छ होती.

म्हणजे चौकशी झाल्यापासून बावीस वर्षं ही पानं वहीत सुखाने पडून होती. ती गेली गेल्या महिन्या-दीड महिन्यात.

कलमकाकांनी वही मिटली आणि पाणी मागितलं. ते का घाबरले हे चष्मेवालीला कळलं नाही, आणि त्यांनीही तेव्हा सांगितलं नाही.

२

आठ दिवसांपूर्वी त्यांच्या दारावरची बेल वाजली तेव्हा ती शेजारची आहे असं समजून ते बसूनच राहिले होते. नोकरीत असताना दिवसाला वीस माणसं त्यांच्याकडे काहीतरी मागायला यायची. निवृत्त झाल्यापासून कोणी काही मागितलं नव्हतं. बायको गेल्याला नऊ वर्षं झाली होती. खाली बंद पडलेलं शिंप्याचं दुकान, वर यांची एक खोली, आणि दिवसभर चालू असलेला रेडिओ, ज्यातलं ते एक अक्षर ऐकत नसत.

बेल तिसऱ्यांदा वाजली. दारात चष्मेवाली. तिने एक कागद त्यांच्यासमोर धरला.

"ही सही तुमची?"

सही त्यांचीच होती. सात वर्षांपूर्वीची. वर लिहिलं होतं, 'सदर सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण नसल्याने माहितीचा कायदा तिला लागू होत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

"तुम्ही निकाली काढलात आणि मला वाटलं, लागला निकाल," ती म्हणाली. "झाकण्यासारखं असल्याशिवाय कोण कशाला झाकेल? म्हणून मी बाबांकडे गेलेच नाही. दोन महिन्यांपूर्वी ते गेले. हॉस्पिटलच्या फॉर्मवर नातेवाईक म्हणून माझ्या दुकानाचा नंबर होता. पाटीवरून उतरवून घेतलेला असणार. मी कधी दिला नव्हता."

मग बसून तिने सगळं सांगितलं. तिचे वडील या छापखान्यात मुद्रितशोधक होते, छापण्याआधी चुका काढणारे. सगळे त्यांना पूर्णविराम म्हणत, कारण त्यांनी टिंब दिल्याशिवाय एक ओळ पुढे सरकायची नाही. बावीस वर्षांपूर्वी शाळांच्या परीक्षेचा भूगोलाचा पेपर इथे छापायला आला आणि परीक्षेआधीच गावभर झाला. परीक्षा रद्द. चौकशी बसली. बंद खोलीत बाबा काहीतरी बोलले आणि दुसऱ्या दिवशी संस्थेतून बाहेर पडले. पेपर विकला, असं लोक म्हणाले. आईने विचारलं तर बाबा मूग गिळून बसले. आईने तिला उचललं आणि मामाचं घर गाठलं. ती त्याच वर्षी त्याच परीक्षेला बसली होती. वर्गातल्या मुली तिच्याकडे बघून काय काय बोलायच्या, ते तिला अजून शब्दन् शब्द पाठ होतं.

"आणि हाच माणूस घरी काय शिकवायचा, सांगू?" ती म्हणाली. "शनिवारी छापखान्यातले पाठकोरे कागद आणायचा. एका बाजूला रद्द झालेली छपाई, दुसरी बाजू कोरी. मी त्यावर गणितं करायचे. नियम एकच, छापलेली बाजू वाचायची नाही. ती गिऱ्हाइकाची. मी कधी वाचली नाही, काका. आणि हा माणूस पेपर विकतो?"

आई सात वर्षांपूर्वी गेली. तेव्हा पहिल्यांदा तिच्या मनात शंका आली आणि तिने अर्ज केला. तो कलमकाकांनी उडवला. बाबा गेल्यावर तिने पुन्हा अर्ज केला. आता त्या खुर्चीवर दुसरी बाई होती आणि तिने जे करायला हवं ते केलं, छापखान्याचं दप्तर मागवलं.

"मला एवढंच कळायला हवं. बाबांनी पेपर विकला होता की नव्हता. तुम्हीच नाही म्हणाला होतात, तर आता तुम्हीच चला माझ्याबरोबर."

कायद्याने अर्जदाराला कारण विचारता येत नाही. कलमकाकांनी विचारलंही नाही. चपला घातल्या.

आणि आता वहीची ती पांढरी कड बघून त्यांना कळलं होतं की सात वर्षांपूर्वी त्यांनी नुसतं एक पत्र धाडलं असतं, तरी ती दोन पानं त्यांच्या टेबलावर आली असती. तेव्हा तिचे बाबा जिवंत होते.

३

छापखान्याने निबंधक कार्यालयाला दिलेलं उत्तर चष्मेवालीने पिशवीतून काढलं. पाणी पिऊन झाल्यावर कलमकाकांनी ते अध्यक्षांच्या समोरच वाचलं. तीन कारणं होती.

'एक, संस्था सार्वजनिक प्राधिकरण नसल्याने कायदा लागू नाही. दोन, मागितलेली पृष्ठे उपलब्ध नाहीत. तीन, सदर माहिती त्रयस्थ अज्ञान व्यक्तीशी संबंधित असून ती उघड करण्यास संस्थेची हरकत आहे.'

"पहिलं कारण शंभर टक्के बरोबर," अध्यक्ष खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले. "सरकारचा छदाम नाही इथे. सगळं आमचं. मग आम्ही वही का उघडी करायची?"

"पहिलं निम्मं बरोबर," कलमकाका म्हणाले. "संस्थेला कायदा लागू नाही. पण निबंधकाला तुमचं दप्तर मागवायचा अधिकार आहे, आणि निबंधक सरकारी आहे. जे त्याच्या हातात येऊ शकतं, ते त्याच्याकडून कोणालाही मागता येतं. तुमच्या पुढच्या दारातून नाही येता येत. त्याच्या दारातून येतं."

"मग सात वर्षांपूर्वी..." चष्मेवालीने वर पाहिलं.

"तेव्हा मी पहिलं वाक्य वाचून थांबलो," कलमकाका म्हणाले आणि घाईने अध्यक्षांकडे वळले. "कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

"एक माझ्याकडे, एक सचिवांकडे."

"त्या चौकशीत तुम्ही होतात?"

"बाहेर होतो. मी तेव्हा साधा मशीनवाला. आत तिघं होती, तेव्हाचे अध्यक्ष, हे सचिव आणि बाइंडिंगच्या मावशी. तेव्हाचे अध्यक्ष वारले. मी त्या दोघांना शंभरदा विचारलं. दोघंही कानावर हात ठेवतात." अध्यक्षांचा आवाज जरा खाली आला. "मला वाटतं पूर्णविरामने विकलाच असेल. नाहीतर माणूस एकदा तरी नाही म्हणाला असता की."

चष्मेवाली उठून काचेपाशी जाऊन उभी राहिली.

अध्यक्षांनी चहाचा कप उचलला तसा बशीत चहा सांडला. दोन्ही हात थरथरत होते. अर्धा जन्म यंत्रावर गेला त्याची ही बक्षिशी, असं ते म्हणाले. कलमकाकांनी ते हात पाहिले आणि मनातल्या मनात एक नाव खोडलं. ती कापाची रेष या हातांची नव्हती.

"वही कधी बाहेर गेली होती?"

"बाहेर कुठे जाणार? हां, निबंधकाला दाखवायची तर नीट दिसावी म्हणून जुन्या वह्यांचे कणे, शिवणीकडच्या पाठी, बांधून घेतले गेल्या महिन्यात. पण ते आतच, इथल्या इथे."

अध्यक्षांना स्वतः काय बोललो ते कळलं नाही. कलमकाका पत्राची घडी घालायला लागले, तेवढ्यात चष्मेवाली काचेपासून मागे वळली.

"आणि हे तिसरं कारण. पानं नाहीतच, तर त्यात त्रयस्थ माणूस आहे हे यांना कसं कळलं?"

४

सचिव मागच्या खोलीत बसायचे. सुकलेला, ताठ माणूस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. चष्मेवालीला बाहेर बसवून कलमकाका एकटेच आत गेले. सचिवांच्या पुढ्यात कसलंतरी पत्रक होतं आणि ते लाल पेन्सिलीने एक अनुस्वार उडवत होते, अगदी डास मारावा तसे.

"पत्र तुम्ही लिहिलंत?"

"मीच."

"तीन कारणं दिलीत. एक पुरलं असतं."

"कोणतं टिकेल ते माहीत नव्हतं," सचिव प्रामाणिकपणे म्हणाले.

कलमकाकांना या माणसाबद्दल एकदम आपलेपणा वाटला. तेही नोकरीत असंच करायचे. एका नकाराने भागत नसेल तर तीन नकार. आणि खोटं बोलायची सवय नसलेला माणूस तीन कारणं द्यायला गेला की त्यातलं एखादं खरं निघतं.

"पत्रात एक चूक आहे," ते सहज म्हणाले.

"आमच्या पत्रात चूक नसते."

"आहे हो. 'त्रयस्थ अज्ञान व्यक्ती'. 'अज्ञात' हवं होतं, त ऐवजी न पडलाय. बाहेर ती बाई वाचून तसंच म्हणाली. मलाही आधी तसंच वाटलं."

सचिवांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी पत्र ओढून घेतलं, चष्मा वर केला, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि बोट तिथेच राहिलं.

खरं म्हणजे सुटका समोर होती. 'हो, चुकलं, अज्ञात हवं होतं' एवढं म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. कोण तो अज्ञात, कोणालाच ठाऊक नाही, संपलं. पण चाळीस वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्याच्या तोंडून न केलेली चूक कबूल करणं होईना. कलमकाका वाट बघत बसले.

"चूक नाही," सचिव शेवटी म्हणाले. "शब्द बरोबर आहे."

"मग कायद्यात अज्ञान म्हणजे सज्ञान न झालेला. अठराच्या आतला. या भानगडीत एक लहान मूल होतं."

"मी काही बोललो नाही."

"नाहीच बोललात. तुम्ही फक्त शुद्ध लिहिलंत."

सचिवांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डोळे ओले होते की म्हातारपणाने पाझरत होते, सांगणं कठीण होतं. "त्याने शब्द घेतला होता आमच्याकडून," ते म्हणाले. "मला पुढचं विचारू नका."

कलमकाकांनी विचारलं नाही. बावीस वर्षांपूर्वी या गोष्टीत कोण लहान होतं, हे शोधायला त्यांना लांब जावं लागणार नव्हतं. ती बाहेर बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

५

बाइंडिंगच्या मावशी गल्लीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये काम करायच्या. सत्तरी उलटलेली बाई, पण सुई ओवायला अजून चष्मा लागत नव्हता. कलमकाकांनी चष्मेवालीला दुकानात जायला सांगितलं आणि संध्याकाळी येतो म्हणाले. ती काही न विचारता गेली. कोणी आपल्याला नंतर सांगतो म्हटलं की काय होतं याचा तिला सराव होता.

"मावशी, वहीतली पानं तुम्ही कापलीत," ते म्हणाले.

मावशींनी दोरा दाताने तोडला. "कशावरून?"

"आमच्यासारख्याने पान कापलं असतं तर शिवणीला चिकटून कापलं असतं. मग त्याच घडीतलं पलीकडचं जोडपान सुटून आलं असतं. पट्टी ठेवली की ते सुटत नाही. हे जो वह्या शिवतो त्यालाच ठाऊक. आणि गेल्या महिन्यात कणा बांधायला वही तुमच्याकडेच होती."

"जोडपानासाठी नाही ठेवली पट्टी," मावशी म्हणाल्या. "परत चिकटवायची वेळ आली तर असू दे म्हणून ठेवली."

त्यांनी खळीच्या डब्यामागून एक पाकीट काढलं, पण हातात दिलं नाही. आधी बोलल्या.

"त्या आठवड्यात भूगोलाच्या पेपरचा रद्द झालेला एक कागद पूर्णविरामच्या गठ्ठ्यात चुकून गेला. नेहमीसारखा पाठकोरा म्हणून घरी गेला. पोरीने कोऱ्या बाजूवर गणितं केली आणि शिकवणीतल्या मैत्रिणीला उतरवायला दिली. मैत्रिणीच्या भावाने कागद उलटून बघितला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. चौकशीत तो कागद आमच्यासमोर आला तेव्हा मागे गणितं होती. अक्षर बघून हा पांढराफटक पडला. म्हणाला, कागद मी नेला, दोष माझा. पण माझ्या मुलीला कधी कळू देऊ नका की तिच्या हातून झालं. पंधरा वर्षांची आहे, आयुष्यभर डोक्यात ठेवील."

"बायकोलाही नाही सांगितलं?"

"तिचा राग नाकावर. भांडणात एक दिवस पोरीच्या अंगावर फेकलं असतं तिने. म्हणून तो चोर झाला. त्यात त्याला काही कठीण वाटलं नाही, असं म्हणायचा. खोटं म्हणायचा." मावशींनी पदराने नाक पुसलं. "रविवारी यायचा इथे. मुलीचं नाव काढायचा नाही. तिच्या दुकानावरून मात्र रोज जायचा. पाटीवर एक मात्रा चुकलीय, ती सांगायला तरी आत जा म्हटलं. वर्षभर उद्या जातो, उद्या जातो करत होता."

मग त्यांनी पाकीट पुढे केलं. "निबंधकाचं पत्र आलं तेव्हा मी घाबरले. तो गेला, पण शब्द तर दिलाय ना आम्ही. आता तुम्ही ठरवा. मला ओझं झालंय याचं."

पाकिटात चार पृष्ठं होती. कलमकाकांनी तिथेच उभ्याने वाचली. शेवटी पूर्णविरामची सही होती, आणि सहीच्या वर त्याच्या हाताने लिहिलेली एक ओळ. ती वाचून ते शेडच्या दारातल्या स्टुलावर बसले.

चष्मेवालीला एवढंच हवं होतं, विकला की नव्हता. 'नव्हता' म्हणून मोकळं होता आलं असतं. ते सरकार नव्हते, संस्था नव्हते, कोणताच कायदा आता त्यांना लागू नव्हता. पाकीट खळीच्या डब्यामागे परत गेलं असतं तर जगात कोणाला कळणार होतं. आणि यातली अर्धी माहिती दडवणं म्हणजे एका बापाचा शब्द पाळणं होतं, ते काही वाईट काम नव्हतं. असा विचार करत ते बराच वेळ बसले. अर्ध्यावर थांबणं त्यांना किती सोपं जातं, हे त्या स्टुलावर त्यांना पुरतं कळलं.

६

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चष्मेवालीने दारावरची 'बंद' पाटी फिरवली आणि स्टूल पुढे केलं. कलमकाकांनी पाकीट काचेच्या काउंटरवर ठेवलं आणि त्यावर हात ठेवला.

"विकला नव्हता," ते म्हणाले. "हे आधी सांगतो. तुम्ही विचारलं होतंत त्याचं उत्तर हे."

तिने मान हलवली. नुसतीच हलवत राहिली. मग मागे वळून फ्रेमच्या खणात काहीतरी नीट लावल्यासारखं केलं.

"आणि यात काय आहे?"

"बाकीचं. पण ते द्यायच्या आधी रीत असते. माहिती जर त्रयस्थ माणसाबद्दल असेल, तर त्याला आधी विचारावं लागतं, उघड करायला तुमची हरकत आहे का. विचार करायला दहा दिवस मिळतात."

"मग विचारा की त्याला."

"विचारतोय."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी नजर चुकवली नाही. नोकरीत त्यांनी कोणाकडे इतका वेळ बघितलं नव्हतं.

"मी?" ती हळूच म्हणाली.

"तेव्हा तुम्ही पंधरा वर्षांच्या होतात. तुमच्या बाबांना वाटत होतं, हे तुम्हाला कळू नये. मावशींना आणि सचिवांना अजून तसंच वाटतं. मला काय वाटतं याला काही किंमत नाही. पाकीट नको असेल तर मी जसंच्या तसं परत नेतो आणि पुन्हा विषय काढत नाही. हे वाचलंत तर जड जाईल, ताई. खोटं कशाला सांगू?"

"दहा दिवस," ती म्हणाली. "बावीस वर्षं झाली, काका." तिने त्यांचा हात बाजूला केला. "हरकत नाही."

ती उभ्यानेच वाचत होती. दुसऱ्या पृष्ठावर ती थांबली, मागे गेली, पुन्हा तिथेच आली. तिचं तोंड पार उतरलं आणि ओठ पंधरा वर्षांच्या पोरीचे झाले. 'मुलीकडून, तिच्या संपूर्ण नकळत' अशी ओळ होती तिथे. कलमकाकांना ती पाठ झाली होती. मग तिने शेवटचं पृष्ठ उलटलं. तिथे बाबांच्या अक्षरात होतं, 'मुलगी नियम पाळणारी आहे. मागची छापील बाजू तिने वाचली असती तर हे घडलेच नसते. मला काढून टाकण्यास माझी हरकत नाही.'

ती रडली तेव्हा तिने चष्मा काढला नाही, आणि तो धुरकटला तरी ती त्यातूनच बघत राहिली. कलमकाका बसून होते. जवळ जावं असं त्यांना वाटलं, पण आपण यांचे कोण, हेही वाटलं.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "सात वर्षांपूर्वी ही पानं होती वहीत?"

इथे कोणी साक्षीदार नव्हता. ती पांढरी कड फक्त त्यांनी पाहिली होती.

"होती," ते म्हणाले. "मागवली असती तर आली असती. मागवता येत होती, मला माहीत होतं. त्या दिवशी टेबलावर बरेच अर्ज होते आणि नाही म्हणणं लवकर उरकत होतं."

"तेव्हा बाबा होते."

"हो."

तिने माफ केलं असंही म्हटलं नाही आणि नाही केलं असंही नाही. कलमकाकांनी ते मागितलं नव्हतं. रस्त्यावरून कोणीतरी काचेतून आत डोकावलं आणि 'बंद' वाचून पुढे गेलं.

"पोच द्यावी लागते ना?" तिने विचारलं. "माहिती मिळाल्याची."

आता कोणती पोच आणि कोणाला, पण त्यांनी खिशातून कागद काढून दिला. तिने लिहिलं, 'माहिती पूर्ण मिळाली.' खाली नाव लिहायला घेतलं. तिचे दोन्ही अर्ज कलमकाकांनी पाहिले होते. दोन्हीत स्वतःचं नाव आणि थेट आडनाव होतं, मधल्या जागी वडिलांचं नाव लिहायचं ते तिने सोडलं होतं. आता स्वतःचं नाव झाल्यावर पेन पुढे गेलं नाही. तिने एक अक्षर काढलं आणि थांबली.

"याची वेलांटी पहिली की दुसरी?" ती स्वतःशीच पुटपुटली. बावीस वर्षांत तिने ते नाव एकदाही लिहिलं नव्हतं.

तिने ते शेवटचं पृष्ठ जवळ ओढलं, बाबांची सही नीट पाहिली, आणि वेलांटी तशीच काढली.